कुत्र्याला घेऊन शेतावर मुक्कामाला जाताना

कृषी पर्यटन केंद्राला फोन करून 'कुत्रं आणलं तर चालेल का?' असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी 'चालेल की, आणा' असंच उत्तर येतं. ते मनापासून दिलेलं असतं. गावात कुत्रं अंगणात असतं, वाटेल तिथे फिरतं, त्यात विचारण्यासारखं काय, असं शेतकऱ्याला वाटतं. शहरातल्या माणसाला मात्र त्या उत्तरातून कुंपण, मोकळं मैदान आणि सुरक्षित जागा ऐकू येते. घोटाळा इथेच सुरू होतो. गावचं कुत्रं त्या गोठ्यात, त्या कोंबड्यांमध्ये लहानाचं मोठं झालेलं असतं. तुमच्या लॅब्राडोरने किंवा बीगलने जिवंत कोंबडी जन्मात पाहिलेली नसते. त्यामुळे 'चालेल का' हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरे प्रश्न विचारायला हवेत.

महाराष्ट्र सरकारचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होऊ लागली. नोंदणी असलेल्या ठिकाणी राहण्याची सोय बहुधा नीट असते, पण नोंदणी आहे म्हणून कुत्र्याची सोय आहे असं होत नाही. तो ज्या त्या मालकाचा निर्णय असतो. फोनवर विचारायचं ते असं: गोठ्यात जनावरं किती, आणि सध्या कुणी व्यायलेलं किंवा व्यायला झालेलं आहे का? कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात की खुराड्यात? शेतावरची कुत्री किती, नर की मादी, रेबीजची लस टोचलेली आहे का? शेततळं आहे का, असेल तर त्याला जाळीचं कुंपण आहे का? रात्री कुत्र्याला खोलीत घेता येईल का? गेल्या चार-पाच दिवसांत फवारणी झाली आहे का, उंदरांसाठी गोळ्या टाकल्या आहेत का? यातल्या शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील तर दुसरं ठिकाण शोधावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांवर तोडगा निघतो. रात्री खोलीत घेता येणार नसेल, तर त्यावर तोडगा नाही. त्याचं कारण पुढे येईल.

कधी जायचं? डिसेंबर ते फेब्रुवारी. हुरड्याचा हंगामही तोच. मार्चनंतर पठारावरच्या भागात दुपारी कुत्र्याला बाहेर काढण्यासारखं राहत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड करतं. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं आणि ते 105 च्या पुढे गेलं की जिवाला धोका सुरू होतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर फेब्रुवारीची दुपारही जड जाते. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर लेप्टोचा धोका वाढतो. उंदरांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि भातखाचरातून फिरलेलं कुत्रं तो पायाच्या जखमांतून, तोंडातून घेतं. हंगाम कुठलाही असो, शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. हुरड्याच्या दिवसांत शनिवारी दोनशे माणसं, पन्नास पोरं, बैलगाडी आणि लाउडस्पीकर असतो. मंगळवारी त्याच जागी शांतता मिळते आणि मालकालाही तुमच्याकडे बघायला वेळ असतो.

निघण्याआधीची तयारी पंधरा दिवस आधी सुरू करावी. रेबीजची वार्षिक लस आणि सात-एक किंवा नऊ-एक लस, ज्यात लेप्टोचा भाग असतो, या दोन्हींच्या तारखा बघा. पिल्लाचे सगळे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण होतात. त्याआधी त्याला शेतावर नेऊ नये, कारण गावच्या कुत्र्यांमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे आजार कायम फिरत असतात. मादी माजावर असेल तर सहल पुढे ढकला. साधारण तीन आठवड्यांचा हा काळ असतो, आणि त्या काळात आसपासचे सगळे नर रात्रभर दाराशी बसतील.

जंताचं औषध निघण्याआधी आठवडाभर द्यावं, आणि ते फक्त कुत्र्यासाठी नाही. कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमींची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर जातात, आणि मेंढीने तो चारा खाल्ला तर तिच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच बाजूला गरगर फिरत राहते. निओस्पोरा नावाचा दुसरा परजीवी गाईचा गाभ टाकायला लावतो, तोही कुत्र्याच्या विष्ठेतूनच पसरतो. गाभण गाईचं वासरू गेलं तर शेतकऱ्याचं अख्खं वेत जातं. फीतकृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल साधारणपणे किलोमागे 5 मिलिग्रॅम असतं. बाजारातल्या बऱ्याच संयुक्त गोळ्या दहा किलो वजनाला एक अशा असतात. वजन करून, डॉक्टरांना विचारून द्या. निओस्पोरावर मात्र ही गोळी चालत नाही. म्हणून गव्हाणीजवळ, कडब्याच्या गंजीजवळ, मुरघासाच्या बॅगांजवळ कुत्र्याला शी-शू करू द्यायची नाही. शी झाली तर पिशवीत भरून घरी परत न्यायची. उकिरड्यावर टाकायची नाही, कारण तेच खत पुढे भाजीला जातं.

आता गोचीड. महाराष्ट्रात शेतावरून परतलेली जी कुत्री दवाखान्यात येतात, त्यांच्या दुखण्याच्या यादीत गोचीडताप फार वर असतो. एर्लिकिया हा जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रक्तात उतरू शकतो, बबेसियाला साधारण दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे 'घरी आल्यावर काढू' हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. गोचीड मारणारी फ्लुरालानरची गोळी साधारण बारा आठवडे चालते, अफोक्सोलानरची महिनाभर. निघण्याच्या दोन दिवस आधी दिलेली बरी. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गटातली औषधं देण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. या गोळ्यांनी गोचीड चावायची थांबत नाही, चावल्यावर मरते. त्यामुळे रोज संध्याकाळी हाताने तपासणी करायचीच. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली, पट्ट्याखाली बघा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही लावायचं नाही, कारण चिडलेली गोचीड पोटातलं परत जखमेत सोडते. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका, नखावर फोडू नका.

सामान थोडंच लागतं. दीड ते दोन मीटरची साधी, मजबूत दोरी. बटण दाबून लांब होणारी दोरी शेतावर नको. तिचं बारीक सूत गाईच्या पायात, माणसाच्या पोटरीत अडकतं आणि ऐनवेळी कुत्रं पाच मीटर पुढे असतं. छातीचा हार्नेस घ्या, पाठीवर धरायला पट्टी असलेला. ती पट्टी कशासाठी ते शेततळ्यापाशी कळेल. गळ्यातल्या बिल्ल्यावर मोबाइल नंबर, आणि तो नंबर गावात रेंज असलेल्या कंपनीचा हवा. मोकळ्या माळावर सोडण्यासाठी दहा मीटरची सुती दोरी. पाणी घरचं किंवा बोअरचं: रोज किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर धरा आणि शेतावर फिरायचं म्हणून दीडपट न्या. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर झालं. त्याचं नेहमीचं खाणं, त्याची जुनी चादर, चिमटा, कापूस, सलाइनची बाटली, मोठा टॉवेल. प्रवासाआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका आणि दर दोन तासांनी उतरवा. वाटेत चहाला थांबताना काच थोडी उघडी ठेवून गाडीत सोडणं हिवाळ्याच्या उन्हातही धोक्याचं आहे.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास महत्त्वाचा. गाडीतून उतरवून थेट आवारात नेऊ नका. आधी फाटकाबाहेर रस्त्याकडेला दहा मिनिटं फिरवा, मोकळं होऊ द्या. मालकाला सांगून शेतावरची कुत्री बांधायला लावा किंवा मालकाबरोबरच बाहेर ओळख करून द्या. ती त्यांची जागा आहे आणि फाटकात ती राखतीलच. फाटकाबाहेर, दोऱ्या सैल ठेवून, चालता चालता झालेली ओळख बहुधा नीट होते. तोंडासमोर तोंड आणून, दोरी ताणून धरून केलेली ओळख भांडणात संपते, कारण ताणलेल्या दोरीने कुत्र्याची छाती वर येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं.

मग गोठा. जवळ जायचं नाही. तीस-चाळीस पावलांवर उभं राहायचं आणि कुत्र्याकडे बघायचं. कान पुढे, शरीर ताठ, नजर एका जागी खिळलेली दिसली तर तेवढं अंतर त्याला जास्त जवळ आहे. मागे या. हाक मारल्यावर मान वळवून तुमच्याकडे बघेल इतकं अंतर त्या दिवशीसाठी बरोबर. दुसऱ्या दिवशी ते दहा पावलं कमी होतं. घाई केली की कुत्रं भुंकतं, जनावर बिथरतं, दावं ताणतं आणि खुंटा उपटतो. खिल्लार बैल तर मुळातच बुजरे आणि तापट, ते धन्याच्या कुत्र्याला ओळखतात, परक्याला नाही. सगळ्यात सांभाळायचं ते वासरू पायाशी असलेल्या गाईला किंवा म्हशीला. ती मान खाली घालून, फुंकरत पुढे आली तर दोरी सोडून द्या. हे ऐकायला उलटं वाटतं, पण गाय कुत्र्यासाठी येत असते. कुत्रं तिच्यापेक्षा वेगाने पळतं, तुम्ही पळत नाही. दोरी हातात धरून ठेवलेला माणूस मध्ये सापडतो. कुत्र्याला उचलून घेतलं तर दोघंही सापडतात. नुकत्याच व्यायलेल्या गाईची पडलेली वार कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातून ब्रुसेलोसिस येतो आणि तो माणसालाही होतो.

कोंबड्यांचं वेगळं. गोठ्याला कुत्रं निदान घाबरतं तरी. फडफडणारी कोंबडी दिसली की सशामागे धावायला जन्मलेली कारवान किंवा पश्मी तर सोडाच, सोफ्यावर झोपणारा गोल्डन रिट्रीव्हरही सुटतो. पाठलाग ही उपजत ओढ आहे, कुत्रं 'वाईट' असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण सुटलेलं कुत्रं एका मिनिटात चार कोंबड्या मारू शकतं, आणि उरलेल्या भेदरून काही दिवस अंडी घालायच्या थांबतात. गाभण शेळीमागे कुत्रं लागलं तर ती गाभडते. म्हणून आवारात दोरी कायम, 'आमचा काही करत नाही' या भरवशावर एक क्षणही नाही. नुकसान झालंच तर मालक जी किंमत सांगेल ती द्यावी. गावरान कोंबडीचा भाव बाजारातल्या ब्रॉयलरशी तोलू नये. ती तिच्या मालकिणीची अंड्यांची मिळकत असते.

दिवाळीनंतर पठारावरच्या शेतांत धनगरांचे कळप उतरलेले असतात. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात. त्या वाड्याभोवती राखणीची कुत्री असतात, ती दिवसा झोपलेली दिसली तरी परक्या कुत्र्याला कळपाजवळ येऊ देत नाहीत. बांध बदलून लांबून जा. शंभर पावलांच्या आत नको.

आता शेततळं. कृषी पर्यटनाच्या जाहिरातीत ते निळंशार, सुंदर दिसतं. आमच्या मते अख्ख्या शेतावर कुत्र्याला त्याच्याइतकी धोक्याची दुसरी जागा नाही. कोरडवाहू भागात शेततळ्याला 500 मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक अंथरलेलं असतं, बाजू उतरत्या असतात, खोली दहा फूट किंवा जास्त. पाण्याखालच्या प्लास्टिकवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. कुत्रं उडी मारतं, मजेत पोहतं, काठाशी येतं, पुढचे पाय टेकतं आणि घसरून परत पाण्यात जातं. नखं प्लास्टिकमध्ये रुतत नाहीत. पाच-सात प्रयत्नांत ते दमतं. पोहता येणं इथे कामाचं नाही. माणसंही अशीच बुडतात, आणि कुत्र्याला वाचवायला उडी टाकणारा माणूस तर हमखास अडकतो. म्हणून उडी टाकायची नाही. काठावर झाडाला किंवा खांबाला बांधलेला दोर, ट्यूब किंवा शिडी आधीच आहे का ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा. कुत्रं पडलंच तर त्याला हाका मारत दोर असलेल्या बाजूला आणा, स्वतः पोटावर आडवे पडा, मागून दुसऱ्याने तुमचे पाय धरावेत, आणि हार्नेसची पाठीवरची पट्टी पकडून वर ओढा. नुसत्या गळ्याच्या पट्ट्याने ओढलं तर गळफास बसतो आणि पट्टा डोक्यावरून निघतोही. उभी शिडी सोडलेली असेल तर कुत्रं पुढचे पाय त्यावर टेकून दम घेऊ शकतं. साचलेल्या तळ्यावर हिरवी-निळी साय दिसली तर ते पाणी पिऊही देऊ नका. तसल्या शेवाळाचं विष यकृतावर जातं. ठिबकला खत सोडायची टाकी आणि तिच्या आसपास साचलेलं पाणीही वर्ज्य.

जुन्या विहिरींना कठडा नसतो आणि काठावर घाणेरीचं झुडूप माजलेलं असतं. ससा दिसला म्हणून धावलेल्या कुत्र्याला ती दिसत नाही. गोबरगॅसच्या स्लरीचा खड्डा तर दिसूनही फसवतो: वरची साय वाळून जमिनीसारखी होते आणि खाली चार-पाच फूट पातळ शेण असतं. उसाचं गुऱ्हाळ चालू असेल तर काहिलीपासून दहा पावलं लांब राहा. चुलवाणाचं तोंड खाली असतं आणि चिपाडाच्या ढिगात कुत्रं आवडीने शिरतं. कडबा कुट्टी यंत्र चालू असताना कुत्रं शेजारी नको.

झटका मशीनचं कुंपण कुत्र्याला मारत नाही. सौर झटक्याचा व्होल्टेज हजारोंमध्ये असला तरी क्षणभराचा असतो, साधारण सेकंदाला एकदा. पण ओल्या नाकाने तार हुंगली की कुत्रं किंचाळून जिकडे तोंड तिकडे पळतं आणि मग रात्रभर शोधत बसावं लागतं. म्हणून तार कुठे आहे ते विचारून दोरी आखूड धरा. रानडुकरांसाठी थेट घरच्या विजेचं कनेक्शन सोडलेली तार मात्र जीव घेते. ते बेकायदा आहे आणि तरीही काही भागांत होतं. त्या कारणासाठीसुद्धा अंधारात अनोळखी शेतात जायचं नाही.

विषं. शेतावरच्या औषधांच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं औषध फवारलेल्या पिकात त्या मुक्कामात जाऊच नका. निळ्या-हिरव्यासाठीही निदान दोन दिवस जाऊ द्या. फवारणीच्या काही कीटकनाशकांनी विषबाधा झालेल्या कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू थरथरतात. त्यावरचं अट्रोपिन ग्रामीण पशुवैद्यकाकडे बहुधा असतं, कारण जनावरांनाही तेच लागतं. अंगावर औषध उडालं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा, नाहीतर ते चाटून पोटात घेईल. उंदरांची काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, वेगळी वागते. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो. त्यामुळे दूध, भात, पोळी काही द्यायचं नाही, खाण्याने आम्ल वाढतं. दवाखान्यात नेताना गाडीच्या सगळ्या काचा उघड्या ठेवा, कारण उलटीतून निघणारा तो वायू माणसालाही बाधतो. कुठल्याही प्रसंगी डबा किंवा पाकीट बरोबर न्या. त्यावरच्या नावाने डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

सेंद्रिय शेती म्हणजे निर्धास्त, असंही नाही. एरंडीची पेंड झाडाच्या बुंध्याशी घातलेली असेल तर कुत्री ती उकरून खातात, त्यांना तो वास आवडतो. तिच्यात रायसिन असतं. उलट्या आणि रक्ताची हगवण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते, तोपर्यंत कुत्रं ठणठणीत दिसतं. निंबोळी पेंडीचा एवढा धोका नाही, पण दोन्ही दिसायला सारख्या, त्यामुळे विचारून खात्री करा. जनावरांना आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर त्यांचं शेण खाणं कॉली जातीच्या कुत्र्यांना घातक ठरतं. त्यांच्यातल्या अनेकांच्या मेंदूला या औषधापासून असलेलं नैसर्गिक संरक्षण जनुकातच कमी असतं.

हुरड्याच्या पंगतीत कुत्र्याला काय चालतं? साधा भाजलेला ज्वारीचा हुरडा चार दाणे, बिनमिठाचा, चालतो. लसणाची चटणी नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कांदा, म्हणजे एक मोठा कांदा, पुरेसा होतो. मक्याचं कणीस दाणे खाऊन फेकलं की कुत्रं ते बुरकुंड्यासकट गिळतं आणि ते आतड्यात अडकतं. त्यावर ऑपरेशनच करावं लागतं. आंब्याच्या कोयीचं तेच. चुलीवरच्या कोंबडीची, मटणाची शिजलेली हाडं तुटून टोकदार होतात. नाशिककडे किंवा तासगावकडे द्राक्षांच्या हंगामात जाणार असाल, साधारण जानेवारी ते एप्रिल, तर बागेत आणि बेदाण्याच्या शेडमध्ये कुत्र्याचं तोंड बांधल्यासारखी काळजी घ्या. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात, कुठल्या कुत्र्याला किती लागेल याचा नेम नाही, बेदाणा तर सुकवलेला म्हणून आणखी तीव्र. टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण मानलं जातं, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेच्या झाडाखालचा पडही टाळा. पंगतीत कुत्र्याला बसवायचं असेल तर त्याचं खाणं आधी उरकून, दूर सावलीत बांधून ठेवा. पाहुणे प्रेमाने काहीतरी टाकतातच. आणि आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा: वरची राख गार, पांढरी होते, खालचे निखारे तासन्‌तास धगधगत राहतात. कणसाच्या वासाने त्यात पाय घातलेलं कुत्रं महिनाभर लंगडतं.

राहिली रात्र. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पलीकडे अकोले, संगमनेर, निफाड या पट्ट्यात ऊस आणि बिबट्या एकत्र राहतात. जुन्नरला 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, तिथली कृषी पर्यटन केंद्रं चांगली आहेत आणि जावंच. मात्र हे लक्षात ठेवून जावं, की अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात वजनाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. पडवीत, ओट्यावर, जाळीच्या आडोशाला साखळीने बांधलेलं कुत्रं त्याला सर्वात सोपं. गावचं मोकळं कुत्रं निदान पळू शकतं. म्हणून सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रं बंद दाराच्या खोलीत, तुमच्याबरोबर. शेवटचं फिरवणं दिवेलागणीआधी. रात्री बाहेर न्यावंच लागलं तर दोन माणसं, मोठी बॅटरी, आखूड दोरी, मोबाइलवर गाणी किंवा मोठ्याने बोलणं, आणि अंगणाच्या उजेडाबाहेर नाही. ऊसतोड चालू असलेल्या फडाच्या आसपास दिवसाही नको. आडोसा गेल्याने जनावर तिथून हलत असतं आणि पिल्लं त्याच फडात असू शकतात. बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळू नका, कुत्र्याला ओढून मागे मागे येत घरात शिरा आणि वनविभागाला 1926 वर कळवा.

साप चावल्याचा संशय आला तर, म्हणजे तोंड किंवा पुढचा पाय झपाट्याने सुजला, किंवा पापण्या गळाल्या, पाय लुळे पडले, तर बांधू नका, चिरू नका, चालवू नका. उचलून गाडीत. भारतात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर चालते आणि कुत्र्यालाही तीच देतात. ती कुठे मिळेल हे फोनवर विचारूनच निघा. तालुक्याच्या गावातला लहान जनावरांचा खासगी डॉक्टर कोण, याचा नंबर पोहोचल्या दिवशीच मालकाकडून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं, तरी संकटात तिथले डॉक्टर मदत करतात. 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची माहिती मिळते. परक्या कुत्र्याने चावलं तर, लस असली तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडून पुढचे डोस घ्यायचे. माणसाला चावलं असेल तर अर्थातच माणसाच्या डॉक्टरांकडे, त्याच दिवशी.

परतल्यावर आंघोळ, आणि केस लांब असतील तर फणी घेऊन दहा मिनिटं बसा. पावसाळा सरल्यावर माळावरचं कुसळी गवत पिकतं. त्याची कुसळं टोकाने आत शिरतात आणि मागच्या केसांमुळे बाहेर येत नाहीत, चालता चालता आणखी खोल जातात. बोटांच्या बेचकीतली लाल गाठ आणि सतत चाटणं, अचानक मान एका बाजूला धरून झटकणं, एकामागून एक शिंका, यातलं काही दिसलं तर चिमट्याने खेळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. कानातलं कुसळ पडद्यापर्यंत जातं. ताप, जेवणाला तोंड न लावणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा लाल-काळी लघवी ही गोचीडतापाची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तेव्हा सहलीचा विसर पडलेला असतो. घराच्या कॅलेंडरवर परतल्याची तारीख लिहून ठेवा. तीन आठवड्यांच्या आत कुत्रं मलूल झालं, तर डॉक्टरांना शेतावर गेल्याचं सांगा आणि रक्ततपासणीत प्लेटलेट मोजायला लावा.